चुकीच्या रंगाचं यंत्र

सर गेल्याची बातमी नामदेवनं आणली. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या माझ्या छापखान्यात मी एका पत्रकाचे खिळे तपासत उभा होतो. तो दारातच थांबला. एरवी हा माणूस आत येण्याआधी हाक मारतो, त्या दिवशी नुसता उभा. मी म्हटलं, "काय रे भो, आत ये ना." तो म्हणाला, "चौधरी सर गेले. शाहपूरला, सकाळी. पूजा आटोपून उठले अन् बसले ते..." हातातले खिळे मी तसेच मांडून ठेवले, कोणते कुठले ते आजतागायत लागलं नाही.

या गोष्टीला काही आठवडे झाले. दरम्यान शोकसभा झाल्या, हार पडले, 'पोकळी' हा शब्द इतक्यांदा ऐकला की सर असते तर म्हणाले असते, पोकळी मोजायचा मीटर आणा रे कुणी. मला रडगाणं लिहायचं नाही. आमचे सर जिंकलेले होते, आणि ते कसे जिंकले हे बुऱ्हाणपुरात सगळ्यांना नीट माहीत नाही. म्हणून लिहितो.

सर ज्याचे प्रमुख होते तो कॉलेजातला आमचा विद्युत विभाग म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला एक लांब हॉल. राज्यांची पुनर्रचना होऊन नवं राज्य झालं तेव्हा आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. सगळं एकत्र करायचे दिवस होते. संस्थानं आधीच विरून गेली होती, आता कचेऱ्या, खाती, कायदे एकमेकांत मिसळत होते. आमच्या हॉलमधलं मोठं जनित्र अशाच एका विरलेल्या संस्थानच्या वीजघरातून आलं होतं. राजवाड्यात झुंबरं पेटवणारं यंत्र केळीवाल्यांच्या अन् कारकुनांच्या पोरांच्या हाती आलं, याचा मला कोण आनंद! त्यावर मी पत्रकही काढलं होतं. सरांनी ते वाचून विचारलं, "छान आहे. पण यंत्र चालवता येतं का तुला?"

आणि मग कळलं की विभागच हलवणार. राजधानीतल्या कुणीतरी ठरवलं, दोन लहान विभागांपेक्षा एक मोठा बरा. बुऱ्हाणपूरची पोरं मोठ्या शहरात जातील. कोण जाणार होतं? डोईफोडिया गावाहून आलेला नामदेव इथंच एका नातलगाच्या ओसरीवर राहून शिकत होता. विभाग हलला असता तर तो सरळ घरी, कापसाच्या शेतात परतला असता. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच गत. निर्णयाआधी एक तपासणी समिती येणार होती. 'इथली यंत्रं बंद पडून असतात, मुलं नुसती पुस्तकं घोकतात,' असं तिच्या कानावर घातलं गेलं होतं. सर म्हणाले, "मग त्यांच्यासमोर आपलं यंत्र गावच्या विजेला जोडू." गावच्या वीजघरानं फक्त त्या दिवसापुरती परवानगी दिली.

जोडणं म्हणजे नुसता खटका दाबणं नव्हे. आपलं यंत्र आणि गावची वीज अगदी एका ठेक्यात यावी लागतात. ते कळायला खटक्याच्या दोन्ही बाजूंमध्ये तीन दिवे लावतात. तिन्ही एकदम उजळतात, एकदम मंदावतात, आणि तिन्ही पूर्ण विझले की त्या क्षणी खटका ओढायचा. क्षण चुकला तर असा हिसका बसतो की यंत्राचा दांडा मोडावा.

आम्ही आठवडाभर हॉल घासला. यंत्राच्या तारा जिथं जोडतात त्या टोकांवर संस्थानचे जुने, उडालेले रंग होते. सर खुशीत म्हणाले, "आता राज्य एक, तर रंगही एक. डावीकडून लाल, पिवळा, निळा देऊन टाका." नामदेवनं जीव ओतून रंग दिला. यंत्र नवरीसारखं दिसायला लागलं.

समिती आली. यंत्र सुरू झालं, गती आली, दिवे लागले... आणि एकामागून एक पळायला लागले. हा उजळला की तो विझला, तो विझला की तिसरा उजळला. जत्रेतल्या पाळण्यासारखे गोल गोल. म्हणजे तारांचा क्रमच उलटा! संस्थानच्या माणसांनी टोकं आपल्या पद्धतीनं काढली होती, अन् आम्ही वरून पुस्तकाचा रंग फासला होता. समितीचे प्रमुख हसले. "चौधरीजी, ये तो दीवाली हो गई." त्यांनी पेनला टोपण लावलं.

माझ्या पिशवीत पत्रकं होती. 'विभाग हलू देणार नाही!' मी पिशवीत हात घातला, तोंड उघडलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोषणा नंतर दे. आधी पाना दे."

मग ते प्रमुखांकडे वळले. "साहेब, चूक माझी आहे. रंग द्यायला मी सांगितलं. पोरांनी माझं ऐकलं. मी यंत्राला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही." ज्यांच्या हाती विभागाचा जीव, त्यांच्यासमोर आमचा विभागप्रमुख सरळ स्वतःची चूक सांगत होता! मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आपली बाजू कधी चुकत नाही हे मी लहानपणापासून छापील अक्षरांत वाचत आलो होतो. माझे कान तापले. सर पुढं म्हणाले, "आता मी हात लावत नाही. हीच दुरुस्त करतील. तुम्ही बघा." आणि ते खरंच हात मागं बांधून समितीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आम्ही यंत्र थांबवलं. वीज तोडली, तपासली. कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की क्रम सुलटतो, हे घोकलेलं होतं, आता केलं. मी पाना फिरवला, नामदेवनं तारा धरल्या. "घाबरू नको बे," तो पुटपुटला, आणि स्वतःच दोन्ही तारा पुन्हा एकदा तपासल्या. यंत्र पुन्हा सुरू झालं. तिन्ही दिवे एकदम उजळले, एकदम मंदावले. नामदेव खटक्यापाशी उभा. दिवे सावकाश श्वास घेऊ लागले... विझले. त्यानं खटका ओढला.

हिसका नाही, धडाका नाही. मीटरचा काटा जरासा थरथरला आणि स्थिर झाला. गाव आणि आम्ही एका ठेक्यात फिरत होतो.

प्रमुखांनी विचारलं, "किस साल के हैं ये लड़के?" सर म्हणाले, "दुसऱ्या." प्रमुखांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. "इनको यहाँ से ले जाकर हम क्या सिखाएँगे?" आम्ही असे ओरडलो की छपरावरची कबुतरं उडाली. विभाग हलला नाही.

संध्याकाळी सरांनी माझं एक पत्रक मागून घेतलं अन् चष्मा वर करून वाचलं. "यातला 'निष्कलंक विभाग' खोड. कलंक मीच लावलाय, तीन रंगांत." नामदेव ब्रश घेऊन रंग बदलायला निघाला तर म्हणाले, "राहू दे तसाच. पुढच्या पोरांनाही फसू दे."

परवा मी हॉलमध्ये गेलो. नामदेव आता तिथंच शिकवतो; वीजघराची परवानगी आता दर वर्षी मिळते, अन् तोच चुकीचा रंग तो दर वर्षी ताजा करतो. नवी तुकडी यंत्राभोवती उभी होती, मोठ्या वर्गातली पोरं खिडक्यांना लटकून तमाशा बघत होती. नव्या पोरांनी रंग बघून तारा जोडल्या, यंत्र सुरू केलं, आणि दिवे गोल पळायला लागले. खिडकीतून आवाज आला, "फसले, फसले!" नामदेव हात मागं बांधून उभा. मीही तसाच. एका पोरीनं दिव्यांकडे बघितलं, मग त्या झकपक रंगांकडे. "रंगच खोटा आहे रे," ती शेजारच्यांना म्हणाली, "बंद करा आधी," आणि कुणी सांगायची वाट न बघता तिनं पाना उचलला.