तळाची पट्टी

आमचे मामा लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून साफ करतात. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसली की तेवढा भाग छाटायला मामांची कात्री चाललीच म्हणून समजा.

शेजारच्या सुनेच्या बाळपणाचं चित्रण त्यांनी असंच चकाचक केलं. भावंडांना पाठवण्याआधी तिनं ते पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"मामा, मला गुदगुल्या करणारा आईचा हात कुठं गेला? ती कॅमेऱ्यापुढं कधी आलीच नाही. तेवढा हातच उरलाय हो तिचा."

मामा वरमले. नशीब, मूळ चित्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी परत आणली आणि तळाशी आईची बोटं हलायला लागली.

"थरथर राहील बघ, पोरी."

"राहू दे. आई तरी कुठं स्वस्थ बसायची?" ती डोळे पुसत हसली. "मूळ जपलंत, मामा. उपकार कसे फेडू?"

"आधी चहा टाक."