पाचला माडी

खेड डेपोत करुणा कासारे यांना सगळे 'नाकाची बाई' म्हणत. एकोणीस वर्षे एसटीत कंडक्टर. पायरी चढणारा पिऊन आला आहे की नाही, हे त्यांना त्याने तोंड उघडण्याआधीच कळे. थोरला भाऊ दारूपायी अडतिसाव्या वर्षी गेला, तेव्हापासून ही सवय घरातही शिरली. नवरा नोकरीला मुंबईत. सोळा वर्षांची मनस्वी क्लासहून आली की आई तिला दारातच जवळ घेई. ते लाड नव्हते, तपासणी होती.

एका रविवारी मनस्वीच्या मोबाइलवर तिच्या मैत्रिणीचा, सानवीचा, निरोप झळकला : 'पाचला माडी. आईला बोलू नको.'

करुणाताईंच्या मनात पाल चुकचुकली. किनाऱ्यावरच्या बुरोंडीकडच्या फेऱ्या केलेल्या बाईला माडी एकच ठाऊक, प्यायची, माडावरून उतरवलेली, उन्हं चढतील तशी आंबणारी. त्यात आठच दिवसांपूर्वी दोघी पोरी सानवीच्या चुलतबहिणीच्या हळदीला जाऊन आल्या होत्या. हळदीत काय वाहते, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

"सानवीकडे जाते गो आये," म्हणत मनस्वी निघाली. मागोमाग करुणाताई. सानवीच्या घरचा लाकडी जिना त्या धाडधाड चढल्या. वर दोघी भिंतीला टेकून बसलेल्या. सानवीचे डोळे लालबुंद. म्हणजे संशय खराच!

"तोंड उघड."

"आये?"

"उघड म्हणते ना! कुठाय ती माडी?"

मनस्वी क्षणभर बघतच राहिली. "अगो आये, उभी आहेस ती माडीच! वरचा मजला!"

सानवी खुदकन हसली आणि लगेच रडू लागली. "मावशी, हळदीला मी बिअर प्यायले. तेव्हापासून आईच्या तोंडाकडे बघवत नाही. हिला तेवढंच सांगायचं होतं."

करुणाताई लेकीकडे वळल्या. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू आधी वास घेतेस, मग विचारतेस."

करुणाताई एक पाऊल मागे सरल्या.

परतताना जगबुडी नदीच्या पुलावर त्या लेकीपासून हातभर अंतर राखून चालत होत्या. जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि वेगळेच विचारले, "सानवीने आईला एकटीने सांगावं, की मी सोबत जाऊ? तुला काय वाटतं?"

मनस्वीला नवल वाटले. ती बोलत राहिली, सानवीच्या आईचा स्वभाव, सानवीची भीती, सगळे. मग आवाज खाली गेला. "त्या दिवशी मलापण दिली होती."

कोणी दिली, किती घेतलीस, आणि आता तरी खरे सांगते आहेस की निम्मेच? सगळे ओठांपर्यंत आले. करुणाताईंनी मान वळवली नाही.

"मग?"

"एक घोट घेतला. कडू लागली गो."

"बरं," त्या कठड्याला टेकल्या. "पुढे सांग."