खांबावरचा खिळा

आमच्या घरात हार बांधायला सगळे खाली बसतात. दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, दोरा ताणून धरायचा आणि एकेक फूल गाठीत घ्यायचं. आजोबा असेच बसायचे, भाऊ अजूनही असाच बसतो. मी मात्र उभ्यानं बांधायची. अमरावतीत देवळाच्या रस्त्यावर आमचं फुलांचं दुकान आहे. त्याच्या लाकडी खांबावर मायनं माझ्यासाठी एक खिळा ठोकला होता, अंगठ्याच्या जागी तो खिळा. मी वाढत गेले तसा माय तो उपटून वर ठोकत गेली. खांबावर भोकांची रांग अजून आहे.

मला पोलिओ झाला तेव्हा मी नुकतीच पावलं टाकायला लागले होते. ताप आला, उतरला आणि डावा पाय लुळा पडला. मायनं आमच्या फुलांच्या मळ्यात माझ्या कमरेएवढा खड्डा खणला, पायात बळ यावं म्हणून रोज मला त्यात उभं केलं, भोवती रेती भरली आणि बाजूलाच शेवंती निंदत राहिली. मी रडून रडून निळी व्हायची म्हणे. शेजारच्या बाया ओरडायच्या, ‘अवं, काहून जीव घेऊन राहिली पोरीचा?’ मायचं उत्तर ठरलेलं, ‘बसली का संपली.’

पुढं सगळं लहानपण याच शब्दांत गेलं. शाळेत, लग्नघरी, कुठंही जरा टेकले की मागून आवाज यायचा, ‘ऊठ.’ मायचा राग राग यायचा. पण मी चालले. डाव्या मांडीवर हात दाबत, लचकत चालले, आणि कुणी लंगडी म्हटलं तर त्याला त्याच्या सात पिढ्या आठवतील असं ऐकवलं. लग्न झालं नाही, त्याचंही फार वाईट वाटून घेतलं नाही. दुकान माझं होतं. दिवसभर उभी राहून मी भावाच्या दुप्पट हार बांधायची.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात. माझं मेलं मुंगीच्या पायानं आलं. साठी ओलांडली आणि दुपारनंतर अंगातलं बळ सरायला लागलं. झोप घेतल्यावर जाणारा थकवा नव्हता तो. सकाळी उठले तरी तो उशाशी हजर. थंडीत डावा पाय बर्फ व्हायचा. आणि कुरकुर सुरू केली ती उजव्यानं, माझ्या चांगल्या पायानं! एक पायरी चढले की तो थरथरायचा. गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाला औषध ठाऊक. कुणी म्हणे मेथीचे लाडू खा, कुणी म्हणे तेल चोळा, आणि सगळे मिळून म्हणत, वयाच्या मानानं होतेच बाप्पा!

गावातल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. गुडघे थोडे झिजलेत, वजन उतरवा, चालणं वाढवा, असं सांगितलं. मी पोलिओचं बोलले, पण तो त्यांना आणि मलाही कधीच होऊन गेलेला रोग वाटत होता. चालणं वाढवा म्हटल्यावर माय तर हरखलीच. ‘म्या काय सांगत होती?’ मग मी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायला लागले. थकले की वाटायचं, पाय आळसावला, आणखी एक फेरी मारू. जितकी दमले तितकी जास्त चालले. पोलिओ झालेल्या लेकराला जन्मभर हेच शिकवलेलं असतं.

दसऱ्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खिळ्यापाशी झेंडूचं तोरण बांधत होते आणि उजवा पाय अचानक खालून निघून गेला. झेंडूच्या ढिगावर पडले म्हणून हाड वाचलं. माय आत स्टुलावर बसून पाकळ्या वेचत होती. सवयीनं ती म्हणाली, ‘ऊठ.’ मी दोन्ही हात टेकले, जोर लावला. उठता येईना. मायचं तोंड पांढरं पडलं ते मी पाहिलं. आता दुकान सुटलं, घरच्यांच्या जिवावर खाटेवर पडून राहायचं आपण, असं मनात आलं आणि फार भीती वाटली.

भाऊ मला अकोल्याच्या मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी आधी पायाला हातही लावला नाही, नुसते विचारत बसले. पोलिओ कधी झाला, मधे किती वर्षं ठणठणीत होतात, आता बळ कुठलं गेलं, पाणी पिताना ठसका लागतो का, झोप कशी आहे. मग थायरॉईड, पाठीचा कणा, स्नायूत सुया टोचून तपासणी. दुसरं काही निघालं नाही तेव्हा म्हणाले, ‘ताई, हा पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. नवा पोलिओ नाही, कुणाला लागतही नाही. समजा घरात चार कमावते होते, दोघं गेले. उरलेल्या दोघांनी चौघांचं काम ओढलं, इतकी वर्षं. तुमच्या नसांचं तसंच झालंय. त्या दमल्या आहेत.’

पूर्ण बरं करणारं औषध नाही, म्हणाले. चालायचं, पण थकायच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. हातात काठी, पायाला आधार देणारा हलका कॅलिपर, थंडीत पाय उबदार. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्याला पोलिओचं आधी सांगायचं. आणि काम बसून करायचं.

तिथं मी भडकले. ‘डाक्टरसाहेब, सारी जिंदगी उभी राहाले शिकली मी, अन् तुमी आता बसाले सांगता?’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘दुकान चालवायचं आहे ना? मग बसा.’

काठी घेऊन घरी आले आणि दाराआड ठेवली. तीन-चार दिवस पुन्हा खिळ्यापाशी उभी राहिले, कारण मायला सांगायची हिंमत होईना. शेवटी एका संध्याकाळी पाय लटलटायला लागले तेव्हा सगळं सांगून टाकलं.

‘थ्या डाक्टरले काय समजते?’ माय कडाडली. ‘थो होता का खड्ड्यापाशी?’ जेवायला वाढलं तर तिनं ताट सरकवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘म्या तुले जास्तच उभी केली का वं? माह्यामुळं झालं का हे?’

ऐंशी ओलांडलेली माझी माय, जिला मी कुणाची माफी मागताना कधी पाहिलं नाही, ती असं विचारत होती. मला रडूच फुटलं. ‘नाई माय. तू उभी केली म्हणून तर इतके वर्स चालली मी.’ तिला किती पटलं कोण जाणे. भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी ती आमच्याबरोबर ऑटोत बसून दुकानात आली. स्वतःचं स्टूल खांबापाशी सरकवलं आणि मला म्हणाली, ‘बस.’ मी बसले. तिनं भावाकडे हातोडी मागितली. खिळा गंजला होता, निघेना. भाऊ मदतीला आला तर त्याला हाकललं. हातोडीनं ठोकून ठोकून सैल केला आणि उपटलाच. मग लहानपणी मोजायची तसा माझ्या छातीशी पंजा लावून तिनं उंची मोजली. मी शाळेत जायला लागले तेव्हाचं एक भोक तिथं होतं. त्यातच तिनं खिळा ठोकला, त्याला दोरा अडकवला आणि टोक माझ्या हातात दिलं.

‘आता म्या सांगेन तवाच उठजो,’ ती म्हणाली आणि माझ्या शेजारी खाली बसून शेवंतीची टोपली पुढं ओढली.