गवंड्याच्या हातातली खुरपी

रविवारी सकाळी बागकामाच्या दुकानात एका वृद्ध गवंड्याच्या उजव्या हातातून लोखंडी खुरपी तीनदा पडली. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. हात हलता राहावा म्हणून बाल्कनीत चार कुंड्या लावायचं ठरवलंय, असं त्यांची पत्नी दुकानदाराला सांगत होती. मी शेजारी झारी पाहत होतो.

चौथ्यांदा त्यांनी खुरपी थापीसारखी धरली आणि रिकाम्या कुंडीवरून गिलावा केल्यासारखी फिरवली.

"अहो, माती उकरायचीय. भिंत नाही लिंपायची," पत्नी म्हणाली.

"ते हाताला सांग. माझं ऐकत नाही तो."

दुकानदाराने लहान मुलांची प्लास्टिकची खुरपी पुढे केली. ती हातात नीट राहिली. त्यांनी ती लगेच फळीवर परत ठेवली.

हत्यार घेताना आपण पातं पाहतो, मूठ पाहतो. हातच पारखावा लागेल, हे मनात येत नाही. ज्या हाताने आयुष्यभर भिंती उभ्या केल्या, त्याला कुंडीभर माती जड झाली, तर ते त्याला कुणी सांगायचं?

त्यांनी लोखंडी खुरपी घेतली आणि ते दाराकडे वळले. पत्नीने फळीवरची प्लास्टिकची खुरपी उचलली, दोन्हींचे पैसे दिले आणि ती पिशवीत तळाशी ठेवली.