दोरीवरचा बॉयलर सूट

आमच्या बिरवाडीच्या रूमवर तीन मुली, एक आरसा आणि सारखा कुणाचा तरी इंटरव्ह्यू! नोकऱ्यांचं सोडा, किस्से मात्र ढिगानं साठलेत. आणि सगळ्यांची सुरुवात एकच: "ए, घालू काय?"

माझाच घ्या. पाचाडहून आई खास आली आणि ताईच्या लग्नातली जरीची साडी मला नेसवून गेली. एसीतही घामाच्या धारा! साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "लग्नाहून आलात वाटतं?"

मी म्हटलं, "नाही सर, इथलं आटोपलं की जायचंय. जरा लवकर घ्या!"

नोकरी गेली खड्ड्यात. पण त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नीलम पोलादपूरची. तिचा इंटरव्ह्यू व्हिडिओवर. ब्लेझर माझा, कानातलं सुरेखाचं, आणि खिडकीतून मागे दिसतायत दोरीवरची आमची सगळी धुणी! समोरच्या मॅडम म्हणाल्या, "मागे ते काय आहे?"

"मॅडम, रिजेक्ट झालेले ऑप्शन्स!"

मॅडम हसल्या आणि हिला घेतलंही.

त्या दोरीवर राज्य घरमालकीण काकींचं. नियम एकच. "कायपण घाला गो, पण माझ्या दोरीवर बाप्याचा कपडा दिसला तर तुमच्या बॅगा रस्त्यावर!" एकदा नीलमच्या भावाचा शर्ट वाळत होता, तो काकींनी काठीनं उचलून अंगणाबाहेर टाकला. भाऊ बिचारा बनियनवर उभा!

आता सुरेखा. वरंधची, केमिस्ट्रीची बीएस्सी. तिला लॅब नको, पॅकिंग नको, प्लांटमध्ये ऑपरेटर होऊन रसायनांचा रिअ‍ॅक्टरच चालवायचा होता. पंजाबी ड्रेस घालून गेली तर साहेब म्हणाले, "ओढणी मशीनमध्ये अडकेल." पुन्हा जागा निघाली तेव्हा शर्ट-पॅन्ट घालून गेली. तर तेच साहेब म्हणाले, "आमच्याकडे मुली अशा येत नाहीत."

रूमवर येऊन ती ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "हे माझा इंटरव्ह्यू घेतातच कुठं? कपड्यांचाच घेतात मेले!" मला इतका संताप आला होता ना! अजूनही येतो.

तिसऱ्या वेळी तिनं महाडच्या बाजारातून निळा बॉयलर सूट आणला. प्लांटवरची माणसं घालतात तो, अंगभर एकसंध. पण पुरुषांच्या मापाचा, पाय जमिनीवर लोळतायत!

"अगो, बाप्याचा कपडा घालून नोकरी मागाया जातेस? लाज हाय का नाय?" काकी कडाडल्या. आणि तशाच बडबडत शिलाई मशीनवर बसून त्यांनी बाह्या आणि पाय आखूड करून दिले.

साहेब तेच. "हे काय घालून आलात?"

"सर, कपड्यांवर दोनदा बोलून झालंय. आता रिअ‍ॅक्टरवर बोलू या का?"

मग बोलले की! चांगला अर्धा तास बोलले. एक उत्तर तिला आलं नाही, तेही तिनं सरळ सांगून टाकलं.

काही दिवसांनी सकाळी बघते तर आमच्या ओढण्यांच्या मधोमध तो निळा बॉयलर सूट वाळतोय. शेजारच्या वहिनी कुंपणावरून डोकावल्याच. "काय ओ काकी, रूमवर पुरुष ठेवलात काय?"

काकींनी बॉयलर सूटला चिमटा लावला.

"पुरुष नाय गो. ऑपरेटर हाय!"