अण्णांचा पी.पी. ई-मेल

करी रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि एक ई-मेल पत्ता आहे. पत्ता अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पूर्वी मजल्यावर फोनही एकट्या अण्णांकडे होता आणि सगळे तोच नंबर पुढे 'पी.पी.' (म्हणजे फोन शेजाऱ्यांचा) लिहून द्यायचे. फोन गेला, सवय राहिली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी फॉर्मवर ई-मेल अण्णांचाच! (अण्णा मेल वाचून घरोघर निरोप पोचवतात. ही सोय कुठलीही कंपनी देत नाही.)

अण्णांना ब्राउझर आवडत नाही. म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम टाकला आणि त्याला एक अ‍ॅड-ऑन जोडलं. ते वेबमेलवरची पत्रं ओढून आणतं. घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच, हा समज मीच पसरवलेला.

परवा सकाळी अण्णांचा फोन आला. "रे, सकाळपासून एक पण मेल येना नाय! शेजारच्या स्नेहलचो आज इंटरव्ह्यू आसा. टायम आनि पत्तो मेलवर धाडलो, असा कंपनीवाले म्हणतत. बेगीन ये!"

मी परळच्या ऑफिसातून दहा मिनिटांत पोचलो. स्नेहल इस्त्रीचा ड्रेस घालून दारात उभी होती. तिची आई देवापुढे.

"अ‍ॅड-ऑन बिघडलंय," मी उभ्या उभ्याच निदान केलं.

बंद केलं, चालू केलं. काढलं, परत टाकलं. नवी आवृत्ती टाकली, तर प्रोग्राम म्हणाला, ही माझ्याशी जुळत नाही. मग प्रोग्रामच नवा टाकला, तर तो पासवर्ड मागायला लागला. तो समोरच्या खोलीतून शिंदेकाकूंनी ओरडून सांगितला. (मजल्याला पाठ आहे.)

"दादा, सरळ ब्राउझरमध्ये उघडून बघू या ना," स्नेहल तिसऱ्यांदा म्हणाली.

"तसं नसतं गं ते," मी म्हणालो. कसं असतं, ते मलाही माहीत नव्हतं.

साडेअकराला तिचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र मला खरंच लाज वाटली. मुकाट्याने ब्राउझर उघडला. तिथेही आजचं एकही पत्र नाही! म्हणजे अ‍ॅड-ऑन बिचारं निर्दोष होतं. पत्रं दुसरंच कुणीतरी उचलून नेत होतं.

"हॅक झालंय," मी जाहीर केलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. हात कीबोर्डवर, म्हणून स्पीकरवर घेतला.

"अहो, लाइट बिल छापायला सकाळी तुमचा इतके दिवस बंद ठेवलेला कॉम्प्युटर लावला. आता बघते तर धडाधड मेल आलेत. ही स्नेहल कोण? आणि तिला एक वाजता दादरला कशाला बोलावलंय?"

अण्णांकडे जोडण्याआधी ते अ‍ॅड-ऑन मी घरच्या कॉम्प्युटरवर, अण्णांचाच पत्ता घालून, तपासून पाहिलं होतं. 'उतरवल्यावर मूळ पत्र काढून टाका' या चौकटीत खूणही मीच केली होती. ती काढायची राहिली.

बायकोने पत्ता वाचला, शिंदेकाकूंनी लिहून घेतला, अण्णांनी खाली धावत जाऊन टॅक्सी थांबवली. वर येऊन एवढंच म्हणाले, "इतको शिकलंस, काय उपेग?"

स्नेहलला नोकरी लागली. पेढे द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "रुजू व्हायचं पत्र अण्णांच्याच पत्त्यावर येणार ना?"

"नाही दादा," ती म्हणाली, "या वेळी वहिनींचा पत्ता दिलाय. पी.पी."