पाठमोरी माणसं

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात बोर्डवाल्यांची हयात गेली. अक्षर असं काढायचे की पलीकडच्या फुटपाथवरून चष्म्याशिवाय वाचता यावं. पण पाटीवर माणूस काढायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. एका सलूनच्या पाटीवर त्यांनी मोठ्या हौसेने देखणा तरुण काढला होता. मालकाने आठवडाभर कळ काढली आणि मग म्हणाला, "याला पुसा हो, गिऱ्हाईक दारातून परत जातंय." ही गोष्ट बोर्डवाले स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, हा त्यांचा जुना नेम.

अशा माणसाला विमानतळाने चाळीस फुटांची भिंत दिली. शहरातल्या कलाकाराकडूनच रंगवून घ्यायची असं वरून ठरलं होतं, आणि छापील फलकांच्या जमान्यात हातात ब्रश धरणारा दुसरा कुणी सापडला नसावा, असं बोर्डवाल्यांचं मत. विषय होता 'आपला बाजार'. दोन महिने परांचीवर चढून त्यांनी बाजार उभा केला. दुकानांवरच्या पाट्या तर अशा झकास उतरल्या की बघत राहावं. माणसं एकूण बासष्ट. त्यातली एकसष्ट पाठमोरी. कुणी भाजी निवडतंय, कुणी सायकल ढकलतंय, कुणी काहीच कारण नसताना भिंतीकडे तोंड करून उभं.

उद्घाटनाला आलेल्या मोठ्या साहेबांनी भिंत बराच वेळ न्याहाळली. "प्रत्येक जण निघालाय! निरोपाचं केवढं दुःख आहे यात," ते म्हणाले. बोर्डवाल्यांनी गंभीर चेहरा करून मान डोलावली. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "चेहरे जमत नाहीत म्हणून पाठी काढल्या, तर मी विचारवंत झालो की गं!"

बासष्टावी होती ताई, त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर शिवणयंत्र चालवून तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. भिंतीच्या डाव्या टोकाला ती मशीनवर बसलेली, मान वर करून समोर बघणारी. एवढा एकच चेहरा त्यांनी जीव मुठीत धरून काढला. अकरा वेळा पुसला, बाराव्यांदा हात टेकले आणि तसाच ठेवला.

ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भिंत होती सुरक्षा तपासणीच्या आत, तिकीट नसेल त्याला मज्जाव. काम संपताच बोर्डवाल्यांचाही पास काढून घेतला, म्हणजे त्यांचं चित्र त्यांनाच दिसेना. फोटो तरी दाखव, असं ताई म्हणायची. "चाळीस फुटांची भिंत फोनवर जखमेच्या पट्टीएवढी दिसते," असं म्हणून ते वेळ मारून न्यायचे. खरं म्हणजे त्यांचा धीर होत नव्हता. सगळं जग हसलं तरी त्यांना चाललं असतं, पण ताईने स्वतःचा चेहरा बघून तोंड वाकडं केलं असतं तर ते त्यांना सोसलं नसतं.

आता मात्र ताई परदेशी मुलाकडे निघाली होती, कायमची. आज बघितलं तर बघितलं.

"तपासणी झाली की डावीकडे वळ. मोठी भिंत लागेल. पार टोकापर्यंत जा," त्यांनी विमानतळाच्या दारात दहाव्यांदा सांगितलं.

"मला काय ठार आंधळी समजतोस?" असं म्हणून ताई सामानाची गाडी ढकलत आत गेली.

बोर्डवाले बाहेर खांबाला टेकून उभे राहिले. बायको म्हणाली, "बसा जरा." ते म्हणाले, "बसून निकाल बदलणार आहे का?" पाऊण तासाने फोन वाजला.

"बघितलं," ताई म्हणाली. "सगळे मेले पाठ फिरवून उभे! एकाला धड तोंड नाही."

"तेच तर माझं कसब."

"आणि कोपऱ्यातली ती मी."

"तुझ्यासारखी नाही ना वाटत? मला माहीतच होतं. राग जरा जास्तच आलाय चेहऱ्यावर. सलूनवाला बरोबर म्हणायचा…"

"गप्प बस," ताई म्हणाली. "हा चेहरा कुठल्या दिवसाचा आहे, कळतंय का तुला? चित्रकलेच्या परीक्षेत नापास झालास, ते सांगायला दारात उभा राहिलास. तेव्हा मी असं वर बघितलं होतं."

हे काढताना बोर्डवाल्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण दिवस तोच होता. ताई एक अक्षर न बोलता पुन्हा मशीन चालवायला लागली होती, आणि ते मुकाट्याने बाहेर जाऊन बसले होते.

"फार चिडली होतीस तू," ते म्हणाले.

"चिडले कुठे? घाबरले होते रे! याला दुसरं काही येत नाही, आता हेही गेलं तर याचं कसं व्हायचं, म्हणून. तोंडातून शब्दच फुटेना. तू काय, राग समजलास?"

"चाळीस वर्षं."

"आणि काढलीस मात्र भीती," ताई म्हणाली. "हुबेहूब काढलीस."

बोर्डवाल्यांनी सवयीने काहीतरी गमतीचं शोधून पाहिलं.

"ताई, तू जाऊ नको गं," ते म्हणाले.

"आता सांगतोस होय रे!" ताई म्हणाली, आणि फोन न ठेवताच रडायला लागली.

विमान वेळेवर सुटलं.